खारकांच्या हंगामातलं जियाशिएन

सकाळपासून माझा पाय घरात ठरत नाहीये. कपडे वाळत घालायला गच्चीत गेले आणि बादली तशीच ठेवून कठड्याशी उभी राहिले. पलीकडे पाटाच्या बाजूला, खजुरांची दाटी आहे तिथून, धूर निघत होता. धुराबरोबर तो वास. ओला, गोडसर, किंचित तुरट, गूळ करपायच्या जरा आधी येतो तसा. खारका शिजायला लागल्या! ओमानमधल्या या इब्रातला उन्हाळा ऐन भरात आला की हा वास येतो, आणि तो आला की माझं काही खरं नसतं. एक काम धड होत नाही. डबे उघडते, लावते. फोन उचलते, ठेवते.

"अगं, बस की जरा," आमचे हे म्हणाले. हे एका कंपनीत विजेच्या कामांचे सुपरवायझर आहेत आणि जगातल्या सगळ्या बिघाडांवर त्यांच्याकडे एकच औषध आहे, बंद करून पुन्हा चालू करा. "दरवर्षी याच दिवसांत तुला काय होतं गं?"

काय होतं ते त्यांना चांगलं ठाऊक आहे. मला जियाशिएन होतं.

जियाशिएन हा चीनमधला एक तालुका. शिएन म्हणजे तालुकाच म्हणा. मी तिथे कधी गेलेले नाही आणि जाईन असंही वाटत नाही. माझं माहेर चिपळूणचं, पण चिपळूण तालुक्यातली सगळी गावं मला धड सांगता येणार नाहीत. जियाशिएनमध्ये मात्र नदी कुठे वळते, घाट कुठून चढतो, कुठल्या उतारावर कसली झाडं आहेत, हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. वेडच आहे एकेक. हे वेड लावलं लिनने.

लिन मला भेटली बुधवारच्या बाजारात. इब्रात बुधवारी सकाळी बायकांचा बाजार भरतो. विकणाऱ्या बायका, घेणाऱ्याही बायका, पुरुषांना आत मज्जाव. आमचे हे बाहेर गाडीत एसी लावून फुरंगटून बसतात आणि मी आत दोन सुया घ्यायला म्हणून जाते ती ऊन चढेपर्यंत बाहेर येत नाही. तिथेच एका कोपऱ्यात, धुपाच्या वड्या विकणाऱ्या उम्म सालिमच्या शेजारी, डोक्याला फडकं बांधलेली एक चिनी बाई केसांच्या पिना, कंगवे आणि प्लास्टिकची फुलं मांडून बसलेली दिसली. आमच्या इमारतीखाली नवं दुकान निघालं होतं ते तिचंच. नवरा दुक्मला बांधकामावर क्रेन चालवायचा, महिन्यातून एकदा यायचा. ही इथे एकटी. चार दिवसांत ती मला ताई म्हणायला लागली, कारण भाभी म्हटलेलं मला खपणार नाही हे मी तिला ठणकावून सांगितलं होतं.

आमची भाषा म्हणजे कडबोळं होतं. थोडी दुकानदारी हिंदी, थोडी इथली अरबी, आणि उरलेलं हातवारे. "ताई, यल्ला, बैठो, चाय पियो, कल का बात खलास." तिच्या फोनमध्ये भाषांतर करणारं एक यंत्र होतं, पण ते इतकं पुस्तकी बोलायचं की आम्हा दोघींनाही कळायचं नाही, म्हणून आम्ही ते सोडून दिलं. इथे मी तिचं बोलणं मराठीत लिहितेय. माझ्या मनात ते मराठीतच साठलंय.

त्या वर्षी उम्म सालिमने आम्हा दोघींना तिच्या खजुरांच्या बागेत बोलावलं. उम्म सालिम म्हणजे साठीच्या पुढची, ठेंगणी, दणकट बाई. बाग नवऱ्याच्या नावावर, हुकूम हिचा. आपण ओटीत घालतो ती खारीक कुठून येते, असं लग्नाआधी कुणी मला विचारलं असतं तर मी 'वाण्याकडून' म्हणाले असते. बऱ्याचशा इथून जातात. पिवळी धमक झालेली, पण अजून टणक असलेली फळं माणसं दोर बांधून झाडावर चढतात आणि घडच्या घड उतरवतात. मग चुलाणावर मोठ्या तांब्याच्या कढया, त्यांत उकळतं पाणी, त्यात ती फळं. शिजली की झाऱ्याने उपसून उघड्या जमिनीवर पसरायची. ऊन इतकं की चार-सहा दिवसांत सुरकुतून खारका होतात. पोती शिवली की चालली मुंबईला.

आम्ही दोघींनी हौसेने चुलाणात झावळ्या सारल्या. तोंडं लाल झाली, डोळ्यांतून पाणी. कढईवरून पहिली वाफ अंगावर आली तशी लिन मटकन खाली बसली. मला वाटलं ऊन लागलं. "अगं, पाणी दे कुणीतरी हिला!" मी ओरडले. ती हात हलवून नाही नाही म्हणाली.

"ताई, माझ्या घराचा वास," ती म्हणाली.

तिच्या घरचे खजूर आपले नव्हेत. लाल खजूर म्हणतात ते लोक, पण तिने एकदा पिशवीतून काढून हातावर ठेवला तर मी चावून बघितला आणि म्हणाले, "अय्या, हे तर बोर!" बोरच ते. अंगठ्याएवढं, वाळून किरमिजी झालेलं, आत दोन्हीकडे टोकदार बी. उम्म सालिमने चाखून तोंड वाकडं केलं. खजूर म्हणायची याची लायकी नाही, असं तिचं मत पडलं. लिन तिच्याशी भांडायला उठली. आमच्याकडे हजार वर्षांचं झाड आहे, अजून फळ धरतं, तुझ्याकडे आहे का? उम्म सालिम म्हणाली, तेवढी वर्षं आम्ही झाडाला राबवत नाही, त्यालाही विश्रांती लागते. तेव्हापासून त्यांची मैत्री.

जियाशिएन म्हणजे नुसती पिवळी माती. वाऱ्याने आणून टाकलेली मऊ माती, डोंगरच्या डोंगर मातीचे, आणि पावसाने त्यांना चिरत चिरत खोल घळी पाडलेल्या. समोरच्या टेकडीवरच्या माणसाशी गप्पा मारता येतात, पण त्याला भेटायला जायचं तर अर्धा दिवस मोडतो. पूर्वेला ह्वांग हो, पिवळी नदी. दूध जास्त पडलेल्या चहासारखं तिचं पाणी. अलीकडचा प्रांत शान्शी आणि पलीकडचाही शान्शीच. दोन्हींत फरक फक्त सुराचा आहे म्हणे, तो माझ्या कानाला कधी जन्मात कळला नाही आणि लिनने कपाळावर हात मारून घेणं काही सोडलं नाही. तालुक्याचं गाव नदीच्या वर उंच कड्यावर आहे. दगडी तटाचं जुनं ठाणं, तीन बाजूंना कडा. लिनचे आजोबा सांगायचे, या गावाला लोखंडी म्हणायचे, कारण ते कधी कुणाला जिंकता आलं नाही. नदीकाठून एक लांबच लांब दगडी जिना पांढऱ्या ढगांच्या डोंगरावरच्या देवळाकडे चढतो. जत्रेला आसपासच्या तालुक्यांतून माणसं येतात, म्हाताऱ्या बायका पायरी पायरी बसत चढतात आणि वर जाऊन मुलांसाठी नवस बोलतात. ऐकताना मला परशुरामाचा घाट दिसायचा. मी तिला सांगितलं, तर तिने विचारलं, तुमच्याकडेही कधी शत्रूला चढता आलं नाही का? मी म्हटलं, आमच्याकडे एसटीलाच चढता येत नाही नीट.

घरं डोंगरात कोरलेली. दाराशी कमान, कमानीला लाकडी जाळी, जाळीवर पांढरा कागद आणि त्यावर बायकांनी कात्रीने कापलेली लाल कागदाची फुलं, कोंबडे, पोरं. आत विटांचा मोठा ओटा, त्याच्या पोटातून चुलीची ऊब फिरते. हिवाळ्यात सगळं घर त्या ओट्यावर. जेवण तिथे, शिवण तिथे, झोपणं तिथे. नव्या वर्षाला वाफवलेल्या पावांत लाल खजूर खोचून डोंगर रचतात. तो वास तिला उम्म सालिमच्या कढईत सापडला होता.

पण आता तिथे कोण राहतं? म्हातारी माणसं आणि पोरं. लिन लहान असताना खजुरांना मान होता. मग वाळवंटाकडच्या प्रांतातून मोठाले, गुबगुबीत खजूर बाजारात यायला लागले आणि जियाशिएनच्या बारक्या फळाला कुणी विचारेना. त्यात ऐन तोडणीच्या दिवसांत, शरदात, पावसाची झड लागली की झाडावरच फळं तडकतात आणि आंबतात. तरणी माणसं एक एक करून खाली उतरली, शहरांत गेली, काही परदेशात. खजूर झाडावरच वाळायला लागले. लिनही अशीच उतरली, आठ महिन्यांच्या मुलीला आईच्या मांडीवर ठेवून.

आता आलं खरं ते. मुलगी. तोंगतोंग तिचं नाव, त्या वर्षी सहा वर्षांची. रोज दुपारी गिऱ्हाईक नसताना लिन फोन लावायची. तिकडे संध्याकाळ असायची. म्हातारी फोन धरायची, खोकायची, हसायची, आणि मग फोन मुलीसमोर धरायची. मुलगी बघायची नाही. फोनमध्ये तिचा कान दिसायचा, वेणी दिसायची, बऱ्याचदा नुसती भिंत दिसायची. लिन त्या भिंतीशी बोलत राहायची. जेवलीस का, थंडी आहे का, हे बघ तुझ्यासाठी काय घेतलंय. भिंत गप्प. मी शेजारी वेताच्या मोढ्यावर बसून पदराच्या टोकाशी चाळा करायचे. मला ते बघवायचं नाही आणि उठून जाववायचंही नाही.

कारण ती भिंत मला माहीत होती. आतल्या बाजूने माहीत होती. माझे बाबा इकडेच, ओमानात, मत्रहला कापडाच्या दुकानात होते. दोन वर्षांनी एकदा यायचे. एक पांढऱ्या शर्टातला, अत्तराचा वास येणारा माणूस ओसरीवर येऊन उभा राहायचा आणि आई मला पुढे ढकलायची, "जा की गं, बाबा आलेत." मी तांदळाच्या कणगीमागे. बाहेरून हाका, आत मी. ते खाली बसून, हात पुढे करून, रंगीत पेन्सिली दाखवून बोलवायचे आणि मी नखाने कणगीचं शेण खरवडत राहायचे. महिन्याभराने जरा ओळख व्हायला लागायची, तर त्यांची निघायची वेळ. जेवताना ते आईला विचारायचे, "थोडा भात मिळेल का?" स्वतःच्या घरात! लहान होते तरी ते वाक्य ऐकून मला कसंतरीच व्हायचं. आणि ज्या देशाने माझा बाप नेला त्याच देशात मी पुढे लग्न होऊन आले, मुलगा इथे वाढवला, त्याचं मराठी अडखळतं म्हणून रडले आणि आता तो पुण्यात शिकतोय तर इथे एकटीच गच्चीत उभी राहते. काय म्हणावं याला?

हे सगळं मी लिनला एकदा सांगितलं. चुकलंच जरा, कारण तिचा चेहरा उतरला. मग तिने विचारलं, "मग तू कणगीमागून बाहेर कधी आलीस?"

चहा गार झाला म्हणून मी पुन्हा आधण ठेवायला उठले.

तिचा बेत ठरलेला होता. खजूर तोडणीला जियाशिएनला जायचं, आईला मदत करायची, आणि येताना तोंगतोंगला घेऊन यायचं. शाळेचं विचारून ठेवलं होतं. दुकानामागच्या खोलीत तिने एक छोटा पलंग आणून टाकला, भिंतीला गुलाबी रंग दिला. पुरता उन्हाळा ती त्या रंगाबद्दल बोलत होती. जास्त गडद झाला का? तिला आवडेल का? मी म्हणायचे, आवडेल गं. आणि घरी येऊन येरझाऱ्या घालायचे.

इब्रातही अशी माणसं निघून गेलेली घरं आहेत. जुन्या वस्तीत मातीचे मोठाले वाडे, नक्षीची दारं, वरचे मजले ढासळलेले. या लोकांचे आजे-पणजे इथून झांजिबारला गेले, लवंगांच्या व्यापारात गब्बर झाले आणि तिकडच्या पैशातून ही घरं बांधली. एका संध्याकाळी उम्म सालिम आम्हाला तिथे घेऊन गेली. एका दारावर थाप मारून म्हणाली, "हे माझ्या आजीचं. आजोबा छप्पर दुरुस्त करायला तेवढे यायचे." मी हसले. लिनला मी अर्थ सांगितला, ती हसली नाही. दाराच्या फटीतून आत बघत राहिली. आत कुणाची तरी बकरी होती.

तिच्या निघण्याच्या दिवशी मी तिची ओटी भरली. हो, भरली! पोर आणायला निघालेली बाई माझ्या दारातून रिकामी कशी पाठवायची? "अगं, तिला काही कळणार आहे का?" आमचे हे म्हणाले. मला कळतंय ना, मी म्हटलं, तेवढं पुरे. जीन्समधल्या बाईला पदर कुठला? माझी ओढणी तिच्या खांद्यावर टाकली, पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं. तांदूळ, नारळ, सुपारी, हळकुंड आणि ओंजळभर खारका, उम्म सालिमच्या बागेतल्या, आम्हीच जाळ घातलेल्या. ती विचारत होती, हे कशासाठी? मी म्हटलं, भरल्या ओटीने जा आणि भरल्या हाताने ये. नारळ तिने विमानतळावर कुणाला तरी देऊन टाकला म्हणे. खारका तेवढ्या जियाशिएनला पोचल्या.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. फोनवर नकाशा उघडून बसायचे. बोटाने सरकवत सरकवत इब्राच्या तपकिरी डोंगरांवरून निघायचं आणि त्या पिवळ्या, सुरकुतलेल्या डोंगरांवर उतरायचं. ती नदी, तो कडा, ते गाव. हवामान बघायचे. पाऊस. दुसऱ्या दिवशी पाऊस. "मेल्या पावसा, आत्ताच तुला सुचायचं होतं का?" मी फोनवर ओरडायचे. आमचे हे दुसऱ्या खोलीतून विचारायचे, कुठे पडतोय? मी म्हणायचे, आपल्याकडेच.

लिन आली ती एकटी.

तिने दुकान उघडलं, झाडलं, पिनांचे डबे लावले. गुलाबी खोलीचं दार ओढून घेतलं. मग मोढ्यावर बसून सांगायला लागली. तोंगतोंग तिच्याशी अगदी चांगली वागली होती, तेच तर वाईट. चहा आणून द्यायची. बसायला उबेतली जागा द्यायची. झाडाखाली चादरी अंथरून काठीने फांद्या झोडपताना आईच्या वाट्याला लहान काठी देऊन म्हणाली, तुम्हाला सवय नसेल. माझ्याबरोबर चल म्हटल्यावर मात्र आजीच्या पाठीमागे गेली आणि तिचा अंगरखा मुठीत धरला. तो तिच्या मुठीतून कुणाला सोडवता आला नाही. निघायच्या सकाळी ती स्वतः उठली, निवडून निवडून न तडकलेल्या खजुरांची पिशवी भरली आणि दोन्ही हातांनी लिनला दिली. पाहुण्यांना देतात तशी.

"पुढच्या तोडणीला या, म्हणाली," लिन म्हणाली. ती रडली नाही. मीच मेली रडत बसले.

त्यानंतर जे झालं ते कुणी रचून सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. लिन निघाल्यावर खारकांची पिशवी तिथे ओट्यावर राहिली होती. तोंगतोंगने एक खाल्ली. एवढं मोठं, एवढं लांब बी तिने कधी पाहिलं नव्हतं. आजीला म्हणाली, हे लावू या. आजीने फुटक्या मडक्यात माती भरली, त्यात बी खोचलं, मडकं खिडकीशी उबेवर ठेवलं, वर चिंधी पांघरली. आणि थंडीतल्या एका दुपारी लिनच्या फोनमध्ये भिंतीऐवजी चेहरा आला. गोल, वाऱ्याने गाल फुटलेला, डोळे रोखलेले. "कधी येईल वर?" तिने विचारलं.

लिन दुकानातून धावत जिना चढून माझ्याकडे आली. चपला न घालता! "बोलली, ताई! मला विचारलं!" आम्ही दोघी स्वयंपाकघरात नाचलो. खरंच नाचलो. मग रोजच सुरू झालं. किती पाणी घालू? झाड केवढं होतं? त्याच्यावर कसं चढतात? तुझ्या गावात बर्फ पडतो का? लिन बागेत जाऊन झाडं दाखवायची, पाट दाखवायची, चढणारा माणूस दाखवायची. आठवड्याभरात तोंगतोंगने उम्म सालिमलाही ओळखून ठेवलं. त्या हिवाळ्यात मला सुखाची झोप लागायची.

बागेतच एकदा कॉफी पिताना लिनने उम्म सालिमला मडक्याचा व्हिडिओ दाखवला. उम्म सालिमने विचारलं, कसलं बी? माझ्याच खारकेचं? आणि ती जी हसत सुटली, कॉफी सांडली तिने अंगावर. "अगं बायांनो, उकडलेलं बी कधी उगवतं का?"

आमच्या तोंडाकडे बघून तिचं हसू आटलं.

आम्ही दोघी शेतीवाडीच्या पोरी. आम्हीच ते उकळतं पाणी बघितलेलं, आमच्याच हाताने झावळ्या सारलेल्या, आणि दोघींच्याही डोक्यात कसं आलं नाही? आनंदाने माणूस आंधळं होतं म्हणतात ते उगीच नाही. त्या रात्री आमच्या ह्यांना सांगितलं. बंद करून पुन्हा चालू कर, असंसुद्धा म्हणाले नाहीत.

आणि फोन तर रोजच यायचा. कधी येईल? लिन म्हणायची, थांब जरा. आज? थांब. मी तिला म्हटलं, मुळीच सांगू नकोस. खाण्याच्या मऊ खजुराचं बी घेऊ, तुझ्या नवऱ्याच्या कुणा ओळखीच्याबरोबर पाठवू, तुझी आई गुपचूप बदलेल. त्यात काय एवढं? पोरीच्या भल्यासाठीच ना? मी पार बी धुऊन, ओल्या फडक्यात गुंडाळूनसुद्धा ठेवलं. आमचे हे म्हणाले, "तिकडच्या थंडीत ते रोप जगणार आहे का? मग तेव्हा काय सांगाल?" मी म्हटलं, तेव्हाचं तेव्हा बघू! आवाज चढला माझा. मला ती भिंत परत यायला नको होती. काही करून नको होती.

मग एका बुधवारी बाजारात लिनने सामान मांडलंच नाही. उम्म सालिमशेजारी नुसती बसली होती. मी गेल्यावर म्हणाली, "ताई, एक दिवस ती उकरून बघेल. मी असते तर मीही उकरलं असतं. ती उकरेल तेव्हा मला तिथे असायचंय."

"आणि मग? परत कधी येशील?"

"परत नाही येणार."

"आणि नाही बोलली तुझ्याशी, तर?"

"तर नाही बोलणार. पण भिंत तरी समोर असेल," ती म्हणाली.

दुकान नवऱ्याच्या चुलतभावाने घेतलं. या वेळी ओटी भरायचं मला धाडस झालं नाही. तिनेच आठवण केली, स्वतःच ओढणी खांद्यावर घेऊन पाटावर येऊन बसली. मी तांदूळ घातले, सुपारी घातली. खारका हातात घेतल्या आणि हात थांबला. "घाल," ती म्हणाली. "खायला आहेत."

वसंतात तिने कळवलं. मुलीला शेजारी बसवून सगळं सांगितलं. उकळतं पाणी, झावळ्या, सगळं. तोंगतोंगने मडकं उचलून अंगणात आपटलं आणि आजीच्या खोलीत जाऊन निजली. पुढे लिन फारसं कळवीना. दुपारभर फोनसमोर उभी राहून खजूर विकते, लांबलांबच्या शहरांतली माणसं बघतात आणि मागवतात, एवढं समजलं. तिचा नवराही गेला परत, तिकडे चीनला. मुलीचं विचारायला माझी जीभ धजेना. विचारलं आणि उत्तर नको ते आलं तर? चार हंगाम असेच गेले. धूर निघतो, वास येतो, मी फोन उचलते आणि ठेवते.

आज ठेवला नाही. बादली तशीच राहिली, मी गच्चीतूनच फोन लावला. बराच वेळ वाजला. मग उचलला तो तोंगतोंगने. केवढी झाली होती! केस आखूड, कपाळावर मुरूम, तोंडात काहीतरी चघळत होती. मला तिने ओळखलं की नाही कोण जाणे. मी हसले, हात हलवला, लिन लिन म्हटलं. तिने कंटाळून डोळे फिरवले, मान मागे टाकली आणि घर हादरेल एवढ्या जोरात ओरडली, "माऽऽऽ!"

आतून लिनचा आवाज आला, काहीतरी कामात असल्यासारखा. पोर आणखी जोरात ओरडली. लिन तिच्यावर ओरडली. मग पोर काहीतरी फाडकन बोलली, ते ऐकून लिन बाहेर आली, हात ओले, कपाळावर बटा, आणि दोघींची जुंपली. फोन पोरीच्या हातात तसाच लोंबत राहिला. मला कधी पिवळी माती दिसायची, कधी झाडाची फांदी, कधी एकीची चप्पल. मध्येच आजीचा खोकला आला, तिचंही कुणी ऐकलं नाही. कशावरून भांडत होत्या, मला एक शब्द कळला नाही. भांडण काही संपेना, आणि मी काही फोन ठेवला नाही.